गेम दोनशे, खेळतो तीन: मोबाइल गेमचं सबस्क्रिप्शन घेण्यात अर्थ आहे का?

मागच्या वर्षी बँकेचं स्टेटमेंट बघत होतो तर एक बारीकशी रक्कम दर महिन्याला कटलेली दिसली, सलग आठ महिने, आणि मला काही केल्या आठवेना की हे काय आहे. मग ट्यूब पेटली. एका रविवारी कंटाळा आला म्हणून गेमचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं, पहिला महिना फुकट होता, त्या जोशात सात-आठ गेम डाउनलोड केले, दोन खेळलो, एक आवडला, आणि मग कामाच्या रगाड्यात विसरून गेलो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच. गेम तर मी फोनमधून कधीच उडवले होते, पण गेम किंवा अ‍ॅप डिलीट केलं म्हणून सबस्क्रिप्शन बंद होत नाही, ते स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं, आणि हे मला माहीत असूनसुद्धा मी ते केलं नव्हतं. चूक माझीच.

पैसे गेले ते गेले, पण त्या निमित्ताने नीट बसून हिशोब केला की ही भानगड नक्की कुणाला परवडते, कुणाला नाही. तोच इथे मांडतोय.

सबस्क्रिप्शनच्या जाहिरातीत कायम आकडा मोठा असतो, दोनशेच्या वर गेम, हजाराच्या वर गेम. त्या आकड्याला अजिबात भुलू नका कारण नोकरी-अभ्यास सांभाळून माणूस महिन्यात खेळून खेळून तीन गेम खेळतो. मला विचाराल तर या सबस्क्रिप्शनमध्ये आपण खरे पैसे मोजतो ते गेममधून जे काढून टाकलेलं असतं त्याचे. आता काय काढलेलं असतं हे कळायला फुकटचा गेम आतून कसा चालतो ते आधी बघावं लागेल.

एक नेहमीचा गेम घेऊ, रंगीत गोळ्या जुळवायचा. पहिल्या वीस लेव्हल भराभर जातात, दर वेळी फटाके, नाणी, शाबासकी, आपल्याला वाटतं आपण भारीच हुशार आहोत. मग एक लेव्हल येते जिथे पंचवीस चाली दिलेल्या असतात आणि आपण दोन गोळ्यांनी हरतो. परत खेळलो, एका गोळीने हरलो. तिथे स्क्रीनवर येतं, अजून पाच चाली हव्यात का, आणि खाली नाण्यांचं बटण, मोठं, हिरवं, हलणारं. नको म्हणायचं बटण बारीक आणि करडं. पुन्हा हरलो तर जीव संपतात आणि मग थांबा. कँडी क्रश सागामध्ये हे अगदी मापून दिलेलं आहे, पाच जीव, आणि गेलेला एक जीव परत यायला अर्धा तास. अर्धा तास थांबायचं नसेल तर पैसे द्या, नाहीतर मित्राकडे जीव मागा. आणि ज्या गेममध्ये जाहिराती आहेत तिथे तिसरा रस्ता असतो, तीस सेकंदांची जाहिरात बघा, तीस सेकंद संपले की कोपऱ्यात फुली येते, ती दाबली तर अजून एक पान, त्याच्यावर दुसरी फुली दुसऱ्याच कोपऱ्यात, आणि बोट एक मिलिमीटर सरकलं की थेट स्टोअर उघडून दुसऱ्याच गेमचं पान समोर. हे सगळं सहन करून आपल्याला मिळालं काय, तर एक जीव.

ही लेव्हल इथेच अवघड का, तर तिथे कुणीतरी पैसे देईल म्हणून. अशा गेमचं गणित असं आहे की खेळणाऱ्यांतले बहुतेक जण एक छदामही देत नाहीत, थोडे लोक थोडं देतात, आणि अगदी मूठभर लोक भरमसाट देतात. या धंद्यात त्या मूठभरांना व्हेल म्हणतात, देवमासा, म्हणजे एक गळाला लागला की वर्षाचं भागलं. त्यामुळे गेम बनवताना डिझायनरच्या डोळ्यासमोर तुम्ही-आम्ही नसतो, तो देवमासा असतो, आणि आपण फुकटे लोक म्हणजे त्याच्याभोवती गर्दी दिसावी म्हणून, आणि जाहिराती बघण्यासाठी. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण लिहिणाऱ्याला मोबाइल गेम माहीत नव्हते पण म्हण मात्र अगदी फिट्ट बसते. त्यात लूट बॉक्स नावाचा प्रकार वेगळाच, पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशीब. बेल्जियमने तर २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायचे असे लूट बॉक्स सरळ जुगारात धरले.

मग तुम्ही म्हणाल की सरळ एकदाच पैसे घेऊन गेम का विकत नाहीत. विकून बघितलं हो. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुपर मारिओ रन आणला, सुरुवातीच्या थोड्या लेव्हल फुकट, मग एकदाच दहा डॉलर आणि अख्खा गेम तुमचा. मारिओ ज्याला माहीत नाही असा माणूस जगात शोधावा लागेल, डाउनलोड कोट्यवधी झाले, आणि तरी निन्टेन्डोने नंतर सांगितलं की नफा अपेक्षेइतका झाला नाही. त्याच्याही आधी २०१४ मध्ये मॉन्युमेंट व्हॅली या फार सुंदर गेमने नवीन लेव्हल आणल्या, बनवायला कित्येक महिने लागले होते, किंमत दोन डॉलर, तर लोकांनी चिडून एक-एक स्टार दिले, की आधी गेमचे पैसे दिले आता परत कसले मागता. फोनवर पैसे द्यायची वेळ आली की आपला हात आखडतो हे खरंच आहे, मी पण त्यातलाच. कंपन्यांनी यातून धडा घेतला, समोरून पैसे मागू नका, मागच्या दाराने घ्या.

सबस्क्रिप्शन आलं ते या कोंडीतून. २०१९ चा सप्टेंबर महिना यासाठी बघण्यासारखा आहे. १९ तारखेला अ‍ॅपलचं आर्केड सुरू झालं, अमेरिकेत महिन्याला ४.९९ डॉलर. २३ तारखेला गूगलचा प्ले पास आला, तोही ४.९९. आणि २५ तारखेला मारिओ कार्ट टूर हा गेम आला ज्याच्यात गोल्ड पास नावाचं सबस्क्रिप्शन होतं, त्याची किंमत बघा, ४.९९. एकाच आठवड्यात तीन गोष्टी, भाव तंतोतंत सारखा, दोन ठिकाणी गेमचा ढीग आणि तिसऱ्या ठिकाणी एकाच गेममध्ये जादा बक्षिसं आणि जास्त वेगाने शर्यत. तिन्हीला सबस्क्रिप्शनच म्हणतात. म्हणून कुणी विचारलं की गेमचं सबस्क्रिप्शन घेऊ का, तर मी आधी विचारतो की कुठलं.

आर्केड आणि प्ले पास वरून सारखे दिसतात पण आतून बरेच वेगळे आहेत, आणि हा फरक लोकांना पैसे भरल्यावर कळतो.

आर्केडमध्ये गेमची एक वेगळीच आवृत्ती असते. जाहिरात नाही, गेमच्या आत काही विकत घ्यायला नाही, नाण्यांचं दुकानच काढून टाकलेलं. २०२१ पासून जुने गाजलेले गेमही त्यात आले आणि त्यांच्या नावापुढे अधिकचं चिन्ह असतं, मॉन्युमेंट व्हॅली प्लस, फ्रूट निन्जा क्लासिक प्लस, असे. हे प्लसवाले गेम म्हणजे स्वतंत्र अ‍ॅप आहेत, त्यामुळे तुमच्याकडे आधीपासून साधा गेम असेल आणि त्यात तुम्ही दीडशे लेव्हल पार केल्या असतील तर प्लसमध्ये बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात, आणि सबस्क्रिप्शन बंद केलं की प्लसवाला गेम उघडणारच नाही. टॅप केलं की पैसे भरा म्हणतो.

प्ले पासचं तसं नाही. तिथे गेम तोच असतो जो सगळ्यांना स्टोअरवर दिसतो, फक्त तुमच्यासाठी कुलूप काढलेलं असतं. गेम विकत घ्यायचा असेल तर तो फुकट होतो, जाहिराती असतील तर त्या जातात, आत काही विकत घ्यायचं असेल तर ते उघडं होतं. त्यामुळे सबस्क्रिप्शन बंद केलं तरी फुकटवाला गेम फोनमध्ये राहतो, तुमची प्रगतीही साधारण तिथेच असते, फक्त जाहिराती परत येतात आणि कुलपं परत लागतात. विकतवाला गेम असेल तर तो मात्र बंद. स्टोअरमध्ये गेमच्या नावाजवळ तिकिटाचं रंगीत चिन्ह दिसलं की समजायचं हा पासमध्ये आहे. अजून एक, गूगलने नंतर काही मोठ्या फुकट गेममधल्या बक्षिसांच्या ऑफर पण यात घातल्या, म्हणजे त्या गेममध्ये दुकान तसंच आहे, फक्त तुम्हाला थोडं काहीतरी फुकट मिळतं. माझ्या मते हे म्हणजे मूळ मुद्द्यालाच हरताळ. दुकानापासून सुटका हवी म्हणून पैसे भरायचे आणि त्या बदल्यात त्याच दुकानाचं कूपन घ्यायचं.

गेम कसे आहेत म्हणाल तर आर्केडमध्ये सुरुवातीला जीव ओतून बनवलेले छोटे गेम खूप होते, सायोनारा वाइल्ड हार्ट्स, ग्राइंडस्टोन, व्हॉट द गोल्फ, मिनी मोटरवेज. हे चारही आजही कुणाला सांगावेत असे आहेत. नंतर लहान मुलांच्या कार्टूनवरचे गेम आणि जुन्याच गेमच्या प्लस आवृत्त्या वाढल्या, आणि रोज उघडावेत असे गेम जास्त, एकदा खेळून संपवावेत असे कमी, हा बदल माझ्यासारख्याला खटकतो. पण कंपनीच्या बाजूने बघा, गेम चार तासांत संपला तर माणूस पुढच्या महिन्यात पैसे का देईल, त्यामुळे न संपणारे गेम त्यांना हवेच असणार. म्हणजे नाण्यांचं दुकान गेलं तरी तुम्हाला धरून ठेवायची धडपड काही जात नाही, फक्त जरा सभ्य होते. प्ले पासच्या यादीत भरताड बरंच आहे, हवामानाची अ‍ॅपसुद्धा मोजून आकडा फुगवलेला, पण पहिल्या यादीत स्टारड्यू व्हॅली, टेरारिया असे तगडे गेम होते हेही सांगायला हवं.

आता सगळ्यात जास्त लोक विसरतात ते, हे गेम तुमचे नसतात, भाड्याने असतात, आणि घरमालक कधीही सामान हलवतो. आर्केडमधून २०२२ च्या उन्हाळ्यात एकदम पंधरा गेम गेले. नेटफ्लिक्सचं उदाहरण तर ताजंच आहे. नेटफ्लिक्सने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मोबाइल गेम सुरू केले, वेगळे पैसे नाहीत, सिनेमा-सिरियलसाठी जे भरता त्यातच गेम, जाहिरात नाही, आत दुकान नाही. मॉन्युमेंट व्हॅलीचा तिसरा भाग २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिथेच आला, फक्त तिथेच. आणि २०२५ च्या जुलैमध्ये, म्हणजे सात महिन्यांत, तिथून गेलासुद्धा, त्याच्याबरोबर आधीचे दोन भाग आणि हेडीससारखे वीसेक गेमही गेले. तिसरा भाग त्याच महिन्यात बाहेर विकत मिळायला लागला. ज्यांनी अर्धवट सोडला होता त्यांची जिरली. तरी ज्यांच्याकडे नेटफ्लिक्स आहेच त्यांना मी म्हणेन की एकदा त्यातलं गेमचं पान उघडून बघा, कारण पैसे तर तुम्ही देताच आहात, कितीतरी जणांना तिथे गेम असतात हेच माहीत नसतं.

यावर लोक लगेच म्हणतात की मग विकतच घ्यावा, कायमचा आपला. थोडं थांबा. फोनवर कायमचा हा शब्द जपून वापरायचा. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयओएस ११, म्हणजे आयफोनची नवी सिस्टम, आणली तेव्हा जुन्या फोनसाठी बनवलेले ३२ बिटवाले सगळे गेम एका अपडेटमध्ये बंद पडले, पैसे भरून घेतलेलेसुद्धा, ज्यांच्या बनवणाऱ्यांनी नवीन आवृत्ती काढली तेवढे वाचले. इन्फिनिटी ब्लेडसारखा गाजलेला गेम २०१८ मध्ये स्टोअरवरून काढला गेला. म्हणजे भाडं आणि मालकी यात फोनवर फरक आहे, पण घर आणि हॉटेल यांच्यात असतो तेवढा नाही, लांबच्या भाडेकराराएवढा समजा. उलट दिशेचंही एक उदाहरण आहे आणि ते मला फार आवडतं. अ‍ॅनिमल क्रॉसिंग पॉकेट कॅम्प हा फुकटवाला गेम, आत दुकान, आत सबस्क्रिप्शन, सगळं होतं. २०२४ च्या शेवटी निन्टेन्डोने तो ऑनलाइन गेम बंद केला आणि त्याच्या जागी एकदा पैसे भरा, मग काही नको, असा पूर्ण गेम काढला आणि लोकांना जुना डेटा त्यात नेऊ दिला. असं फार कमी वेळा होतं.

बरं आता हिशोब. बालात्रो हा पत्त्यांचा गेम घेऊ, पोकरसारखे हात लावायचे आणि जोकर जमवून गुण फुगवायचे, भयंकर व्यसन लागतं, मी रात्री दोनपर्यंत जागलोय. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो फोनवर आला तेव्हा एकाच दिवशी दोन प्रकारे आला, अमेरिकेत ९.९९ डॉलरला विकत, आणि आर्केडमध्ये बालात्रो प्लस म्हणून. आर्केड तोपर्यंत ४.९९ वरून ६.९९ झालं होतं, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे चार वर्षांत चाळीस टक्के वाढ. तर फक्त बालात्रो खेळायचा असेल तर पहिल्या महिन्यात आर्केड स्वस्त, दुसऱ्या महिन्यातच महाग. आणि हा गेम असा आहे की लोक वर्षभर खेळतात, तर वर्षाचे झाले त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी डॉलर, एका दहा डॉलरच्या गेमसाठी. माझ्या आठ महिन्यांत असंच झालं होतं, पहिल्या महिन्यानंतर मी उघडला तो एकच गेम, तोही अधूनमधून, आणि शेवटी तो पण काढून टाकला.

यातून एक सोपी पद्धत निघते, तुम्ही कुठल्याही देशात असा, भाव काहीही असो. सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन खरोखर खेळणार असे गेम शोधा, छान दिसतात म्हणून नाही, आज रात्री बसून खेळाल असे. त्यातले विकत मिळणारे गेम बाहेर केवढ्याला आहेत बघा. एकच असेल तर विकत घ्या. तीन-चार असतील आणि ते संपणारे गेम असतील, म्हणजे गोष्ट सुरू होते, चार-सहा तासांत संपते असे, तर एक महिना भरा, सगळे उरका आणि बंद करा. हे महिनाभर चालू, चार महिने बंद असं करणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं आणि कंपनीला सगळ्यात कमी आवडतं. वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसतो, महिन्याच्या भावाने बघितलं तर असतोही, पण तो परवडतो दर महिन्याला खेळणाऱ्याला, आणि आपण ते नसतो हे स्वतःला मान्य करायला वेळ लागतो.

फुकट महिन्याबद्दल एक. सुरू केल्या केल्या बंद करून टाकायचं, मुदत संपेपर्यंत चालू राहील, हा सल्ला सगळे देतात आणि पैसे भरलेल्या महिन्याला तो बरोबरही आहे. पण ट्रायलमध्ये काही ठिकाणी बंद केलं की त्याच क्षणी गेम बंद होतात, म्हणून बंद करायच्या बटणावर काय लिहिलंय ते वाचा, आणि तसं असेल तर संपायच्या दोन दिवस आधीचा अलार्म लावा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका कारण पैसे कापायची प्रक्रिया आदल्या दिवशीच सुरू होऊ शकते.

आता ज्या एका बाबतीत मी हिशोब न करता घ्या म्हणेन ती म्हणजे घरात लहान मुलं असतील तर. माझा भाचा सात वर्षांचा आहे, त्याच्या हातात फुकटचा कपडे-टोपी घालायचा मांजरीचा गेम होता, मी शेजारी बसून सहज मोजलं तर वीस मिनिटांत अकरा जाहिराती, त्यातल्या दोन तर मोठ्यांनाही नको वाटाव्यात अशा. आणि तो जाहिरात बघायला कंटाळत नव्हता हे मला जास्त लागलं, त्याला तो गेमचाच भाग वाटत होता, जाहिरात बघितली की टोपी मिळते म्हणजे ते कामच झालं. मग त्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, आर्केड घेतलं. तो आता स्नीकी सॅस्क्वॉच खेळतो, जंगलातला एक केसाळ राक्षस कॅम्पवर आलेल्या लोकांचं खाणं चोरतो, मग माणसाचा वेष घालून गाडी चालवतो, गोल्फ खेळतो, रेंजर मागे लागला की झुडपात लपतो. कुणी काही विकत घे म्हणत नाही. पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं, मामा, यात जाहिरात कुठे बघायची.

घरातल्या लोकांत वाटून घेता येतं हा पण यात मोठा मुद्दा आहे. आर्केड आणि प्ले पास दोन्ही तुमच्याशिवाय आणखी पाच जणांना तेवढ्याच पैशात देता येतात, प्रत्येकाचा खेळ वेगळा. सहा जणांत भागले की फी अगदी किरकोळ होते. फक्त एक अट विसरू नका, आर्केड अ‍ॅपलच्याच उपकरणांवर चालतं आणि प्ले पास अँड्रॉइडवर, त्यामुळे घरात अर्धे फोन इकडचे अर्धे तिकडचे असतील तर वाटणी तिथेच फसते, आणि तुम्ही स्वतः उद्या फोनची जात बदललीत तर सगळंच मागे राहतं.

एकाच गेमच्या आतलं सबस्क्रिप्शन, व्हीआयपी, गोल्ड, सीझन पास, जे काही नाव असेल ते, त्याबद्दल माझं मत कडक आहे. नाकापेक्षा मोती जड. इथे पैसे भरून दुकान जात नाही, दुकानात तुम्हाला सभासद करतात. वरून रोज हजेरी लावली तरच बक्षीस, सीझन, म्हणजे गेमचा ठरावीक मुदतीचा टप्पा, संपायच्या आत इतक्या पायऱ्या चढला तरच शेवटचा पोशाख, म्हणजे पैसे आपणच भरायचे आणि ते वसूल करायला कामावर पण आपणच जायचं. एखादा गेम तुम्ही दोन वर्षं रोज मित्रांबरोबर खेळताय आणि त्यात मजा येतेय तर घ्या बापडे, छंदाला पैसे लागतातच. पण घ्यायचाच असेल तर सीझन संपत आल्यावर घ्या, बऱ्याच गेममध्ये तोपर्यंत चढलेल्या पायऱ्यांची बक्षिसं पास घेतल्यावर एकदम मिळतात, त्यामुळे काय मिळणार ते आधी दिसतं आणि पळापळ होत नाही.

राहिलं क्लाउड गेमिंग, म्हणजे गेम चालतो दूरच्या सर्व्हरवर आणि फोनवर फक्त त्याचा व्हिडिओ येतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवाल्यांनी २०२० च्या सप्टेंबरमध्ये हे अँड्रॉइड फोनवर आणलं. कल्पना भारी आहे, साध्या फोनवर तगडा गेम. पण बटण दाबलं, ते सर्व्हरपर्यंत गेलं, तिथून चित्र परत आलं, यात क्षणभर जातो आणि मारामारीच्या गेममध्ये तो क्षण म्हणजेच हार. डेटा पण खातो, सेकंदाला पंधरा मेगाबिटचा प्रवाह धरला तर तासाला पावणेसात जीबी. घरी दणकट वायफाय असेल आणि कंट्रोलर असेल तर विचार करा, प्रवासात खेळायला हे घेत असाल तर नका घेऊ. आणि इथेही भाडेकरार संपू शकतो, गूगलचं स्टेडिया, तेही क्लाउड गेमिंगच, २०२३ च्या जानेवारीत बंद झालं, त्यांनी स्टोअरमधून घेतलेल्या गेमचे पैसे परत दिले हे मात्र मानलं पाहिजे.

सध्या माझं सगळं बंद आहे. बालात्रो विकत घेतला. ताईचं आर्केड पण परीक्षा सुरू झाल्यावर बंद केलंय आणि भाच्याचा तो केसाळ राक्षस गोल्फच्या मैदानावर अडकून पडलाय, सुट्टी लागली की एक महिना परत चालू करायचं ठरलंय, तारीख त्याने स्वतः कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे. बंद करायची तारीख मी लिहिली आहे, त्याच्याच खाली, पेन्सिलने, त्याला न दिसेल अशी.